नेच्यांच्या औषधी उपयोगांची नोंदवही : आंबेगावचा पश्चिम पट्टा, एक पावसाळा

९ जून

आजपासून प्रत्यक्ष कामास सुरुवात झाली. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाचे पाणी जिथे संपते आणि भीमाशंकरच्या डोंगररांगेची चढण जिथे सुरू होते, त्या पट्ट्यातील महादेव कोळी समाजाच्या एका वाडीत पावसाळाभर राहून-जाऊन नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, औषधी उपयोगांची नोंद करायची, असे ठरले आहे. सोबत पदव्युत्तर वर्गाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी, आहेत. वाडीतला एक तरुण वाटाड्या म्हणून येणार आहे. तयार होणारी नोंद प्रथम गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जाईल आणि मगच आमच्या महाविद्यालयात येईल, हा क्रम आम्ही आधीच मान्य केला आहे.

नेचेच का निवडले, याचे उत्तर सोपे आहे. या भागातील औषधी वनस्पतींच्या ज्या याद्या मी आजवर पाहिल्या, त्यांत हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, अनंतमूळ अशा सपुष्प वनस्पतींची गर्दी असते आणि नेचे मात्र शेवटच्या पानावर ‘इतर’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकलेले असतात. वनस्पती म्हणून त्यांची ओळख जुनीच आहे. एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डी’आल्मेडा यांनी मुंबई इलाख्यातील नेच्यांवर १९२२ सालीच स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लोक त्यांचे काय करतात, हा भाग मात्र विस्कळीत राहिला.

तक्ता आखला. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरला जाणारा भाग, कोणत्या तक्रारीवर, कृती आणि माहिती देणारी व्यक्ती, असे सहा रकाने आहेत. विद्यार्थ्यांनी कृतीचा रकाना सर्वांत अरुंद ठेवला आहे. तूर्त राहू दिला.

१६ जून

ग्रामसभा झाली. हिरड्याचा हंगाम संपून भातपेरणी सुरू झालेली असल्यामुळे माणसे थोडी होती, परंतु जी होती ती बोलणारी होती. एका वयस्कर गृहस्थांनी सरळ विचारले, “आमचं औषध लिहून नेल्यावर त्याची गोळी कुणी काढली, तर आमच्या हातात काय?” प्रश्न रास्त होता आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नव्हते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यात लाभाच्या वाटणीची तरतूद आहे, गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला त्यात स्थान आहे, हे सांगितले. केरळातील अगस्त्य पर्वतावरील काणी समाजाची हकीकतही सांगितली. ‘आरोग्यपच्चा’ या रानवनस्पतीची फळे खाल्ल्याने चालण्याचा थकवा येत नाही, हे काणी वाटाड्यांनी १९८७ साली शास्त्रज्ञांना दाखवले. त्यातून औषध तयार झाले आणि परवाना शुल्क व स्वामित्वधनातील निम्मा वाटा त्या समाजाला देण्याचे ठरले. वाटा प्रत्यक्ष हाती पडायला मात्र बरीच वर्षे आणि बरेच वाद लागले. ही दुसरी बाजूही सांगितली, कारण ती लपवून परवानगी घेणे मला प्रशस्त वाटले नाही.

तीन अटींवर परवानगी मिळाली. नोंदवहीची एक प्रत वाडीत राहील, नमुन्यासाठी गरजेपेक्षा जास्त झाडे उपटली जाणार नाहीत, आणि सांगणाऱ्याने जे लिहू नका म्हटले ते लिहिले जाणार नाही.

२४ जून

पहिली फेरी देवराईच्या कडेने झाली. पावसाला जेमतेम दोन आठवडे झाले आहेत, आणि उन्हाळ्यात जिथे पालापाचोळ्याखेरीज काही नव्हते तिथे ओहोळाच्या काठाने नेच्यांची कोवळी पाने गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली वर आली आहेत.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात आली. ‘नेचा’ हा आमचा पुस्तकी शब्द वाडीत कोणाच्याच तोंडी नाही. ज्याचा उपयोग आहे त्याला स्वतंत्र नाव आहे, आणि ज्याचा नाही तो नुसता पाला. त्यामुळे “तुम्ही कोणकोणते नेचे वापरता?” ही आमची प्रश्नावलीतील पहिलीच ओळ निकामी ठरली. वाटाड्याची आजी आमच्यासोबत ओहोळापर्यंत आली होती. तिने प्रश्न ऐकून घेतला, वाकून विळ्याच्या टोकाने माती उकरली आणि म्हणाली, “मास्तर, पानं काय बघता? कोंबडनखी खाली असते.”

कोंबडनखी म्हणजे टेक्टारिया या प्रजातीतील नेचा. जमिनीखाली त्याचे आखूड, जाडजूड आडवे खोड असते, ज्याला आमच्या परिभाषेत मूलक्षोड म्हणतात आणि वाडीत कांदा. त्यावर तपकिरी खवले असतात आणि गेल्या वर्षीच्या देठांचे बुंधे तसेच शिल्लक असतात. आजीने माती झटकून, मुळे विळ्याने खरवडून तो कांदा तळहातावर ठेवला, तेव्हा ते बुंधे वाकड्या बोटांसारखे पसरले होते आणि खवल्यांमुळे त्यांना कोंबडीच्या पायाची खरखरीत कातडी आल्यासारखी दिसत होती.

आजीने सांगितलेली कृती तिच्याच क्रमाने लिहिली आहे. कांदा पावसाळ्याच्या सुरुवातीला काढायचा नाही, कारण तेव्हा तो ‘पाण्याचा’ असतो. पाने पिवळी पडू लागली की काढायचा. खवले जाळावर धरून भाजायचे आणि खरवडायचे, ठेचून बराच वेळ उकळायचे, मीठ-मिरी घालून तो कढ गुडघे धरलेल्या माणसाला काही दिवस रोज द्यायचा. लचकलेल्या पायावर तोच कांदा उगाळून लावायचा. मग आज उकरला कशाला, असे विचारल्यावर तिने तो परत मातीत दाबला आणि पायाने माती सारखी केली.

कृतीच्या अरुंद रकान्यात यातला निम्मादेखील मजकूर मावला नाही.

३ जुलै

आवणी सुरू झाली. सगळी वाडी खाचरांत आहे. मुलाखती बंद. शाळेतली पोरे तेवढी मोकळी होती. त्यांनी दगडी बांधावरचा रुपेरी नेचा दाखवला. त्याच्या पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी असते. पान मनगटावर ठेवून फटका मारला की पानाचा हुबेहूब पांढरा ठसा उमटतो. औषधी उपयोग कोणी सांगितला नाही. तक्त्यात ‘खेळ’ असे लिहिले. विद्यार्थ्याला हे गंभीर नोंदीत शोभत नाही असे वाटते. मला शोभते असे वाटते.

११ जुलै

हंसराज. या एका नावाने दोन दिवस खाल्ले.

वाडीच्या वरच्या अंगाला, पायवाटेच्या कापलेल्या बाजूवर, अर्धचंद्राच्या आकाराच्या पर्णिकांचा एक नाजूक नेचा पावसात सर्वत्र दिसतो. त्याचा देठ काळा, तारेसारखा आणि पॉलिश केल्यासारखा चकचकीत असतो. पानाचे टोक लांबत जाऊन मातीला टेकते, तिथे मुळे धरते आणि नवे रोप उभे राहते, त्यामुळे तो वाटेच्या कडेने चालत गेल्यासारखा वाटतो. हा ॲडियंटम ल्युन्युलेटम. जुन्या मराठी नोंदींत याला हंसराज आणि घोडखुरी अशी दोन्ही नावे आहेत, आणि पर्णिका पाहिली की घोड्याचा खूर पटतो. ग्रीक भाषेत ‘ॲडियंटम’चा अर्थ न भिजणारा. पाण्याचा थेंब पानावरून पाऱ्यासारखा घरंगळतो, हे विद्यार्थ्यांनी बाटलीतले पाणी ओतून तीनदा पाहिले.

अडचण अशी की, तालुक्याच्या बाजारातील काष्ठौषधीच्या दुकानात हंसराज मागितल्यावर हाती पडला तो वेगळाच नेचा होता. त्याच्या पर्णिका पाचरीसारख्या, टोकाला फाटलेल्या होत्या. हा ॲडियंटम कॅपिलस-व्हेनेरिस, युनानी वैद्यकातला परसियावशान, जो सतत पाणी झिरपणाऱ्या खडकांवर वाढतो. दोन्हींचा देठ काळा आणि दोन्ही खोकल्यावर देतात, त्यामुळे दुकानदाराला फरक पडत नाही. वाडीतल्या दोन बायांना बाजारातली पुडी दाखवली. एकीने ती हुंगून परत दिली आणि म्हणाली, “हे आमचं न्हवं.”

वाडीत घोडखुरीचा मुख्य उपयोग लहान मुलांच्या ताप-खोकल्यात सांगितला गेला. पाने पाण्यात वाटून, रस गाळून, खडीसाखरेबरोबर द्यायचा. ही कृती ऐकताना मला कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांची आठवण झाली. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा आणि बी. डी. बसू यांचा ग्रंथ कीर्तिकरांच्या निधनानंतर, १९१८ साली निघाला. गुजरातेत याच नेच्याची पाने मुलांच्या तापावर पाण्यात घोटून साखरेबरोबर देतात, असा उल्लेख जुन्या वनौषधी-साहित्यात आहे. शंभर वर्षांपूर्वीची गुजरातेतील कृती आणि आजची सह्याद्रीतील कृती इतकी जुळावी, ही बाब लक्षणीय आहे. ती पुस्तकातून इकडे आली असण्याची शक्यता मला कमी वाटते, कारण सांगणाऱ्या बाईंना अक्षरओळख नाही.

तक्त्यात एक रकाना वाढवला : ‘या नावाने बाजारात काय मिळते’.

१९ जुलै

नमुन्यांचे नुकसान झाले. नमुने दाबून वाळवायच्या दाबपेटीतील कागद रोज बदलायला हवे होते. मी दोन दिवस गावी गेलो आणि ते काम राहून गेले. अकरा शीटांपैकी चारांवर बुरशी आली. पुढील नमुने चुलीवरच्या माळ्यावर, जिथे आजी हिरडा वाळवते तिथे, ठेवायचे. तिनेच सुचवले, आणि तिच्या चेहऱ्यावर ‘हे यांना कळत कसं नाही’ असा भाव होता.

२८ जुलै

देवराईतील एका जुन्या आंब्यावर बाशिंग भरपूर आहे. नवरदेवाच्या कपाळावर बांधावे तसे ते झाडाच्या खोडाला बांधलेले दिसते. काही ठिकाणी याला वांदरबाशिंग म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रायनारिया क्वर्सिफोलिया. या नेच्याला दोन प्रकारची पाने असतात. लांब, हिरवी, खोल कापलेली पाने बीजाणू धरतात. दुसरी, आखूड आणि बुंध्याशी चिकटलेली पाने लवकरच तपकिरी, कागदासारखी होतात, पण गळत नाहीत. झाडावरून पडणारा पालापाचोळा त्या द्रोणांत साठतो, कुजतो, आणि जमिनीपासून वीस फूट उंचावर नेच्याला स्वतःची माती मिळते. खोड बोटाएवढे जाड, अंगभर तपकिरी केसाळ खवले असलेले.

सतराव्या शतकात डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने कोचीनला तयार करवून घेतलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात या नेच्याचे चित्र आहे. त्या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युदन या मलबारी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते आणि १६७५ सालचे त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी लिपीत छापलेले आहे. माहिती देणाऱ्याचे नाव ग्रंथात यावे, ही अपेक्षा एवढी जुनी आहे, याची मला विद्यार्थ्यांना आठवण करून द्यावी लागली. त्यांनी आज दोन मुलाखतींत तो रकाना रिकामा सोडला होता.

वाडीत बाशिंगाचा कांदा तापावर आणि अंगदुखीवर उकळून देतात. तमिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यात, कोल्ली टेकड्यांवर, मलयाळी म्हणून ओळखले जाणारे तमिळभाषक आदिवासी हाच कांदा यात्रेकरूंना विकतात. तिथे त्याचे एक नाव ‘आट्टुक्काल किळंगू’, म्हणजे बकरीच्या पायाचा कंद. केसाळ साल सोलून, मिरी-जिरे घालून त्याचे सूप करतात, आणि ते गुडघेदुखीवर पितात. मांसाहार न करणाऱ्यांचे पाया-सूप अशी त्याची ख्याती आहे. चीनमध्ये याच प्रजातीतील दुसऱ्या जातीला ‘गु-सुई-बू’ म्हणतात, ज्याचा अर्थ मोडलेले हाड सांधणारे, आणि नॅरिंजिन हे त्यातील ओळख पटवणारे रसायन मानले जाते.

इथे मी जरा थांबलो. आपल्याकडे कोंबडीचा पाय, तिकडे बकरीचा पाय. झाडे दोन वेगळ्या कुळांतील, माणसे परस्परांना अनोळखी, पण दोन्हीकडे कांदा पायासारखा दिसतो, दोन्हीकडे त्याचा कढ करतात आणि दोन्हीकडे तो सांध्यांसाठीच पितात. पायासारखे दिसते म्हणून पायाला चालते, असा हा केवळ रूपसाम्याचा खेळ असू शकतो. विद्यार्थ्याचे मत तसेच आहे, आणि तो त्यावर ठाम आहे. उलट, उपयोग आधी सापडला आणि लक्षात राहावा म्हणून नाव पायावरून ठेवले, असेही होऊ शकते. निरक्षर समाजात नाव हीच नोंदवही असते. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण रूपसाम्यावरच चालायचे तर बाशिंगाचा उपयोग वाडीतही गुडघ्यांवर व्हायला हवा होता. इथे तो प्रथम तापावर सांगतात.

११ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. भीमाशंकरला गेलो. यात्रेकरूंच्या वाटेवर पाथाऱ्या मांडून बसलेल्या बायांपैकी काहींकडे रानहळद, गुळवेल यांच्या शेजारी कोंबडनखीचे ढीग होते. ओले कांदे होते, वाळलेले होते, दोऱ्यात ओवलेलेही होते. एका बाईने शहरी गिऱ्हाइकाला “गुडघ्याला घ्या, मटणाच्या सुपासारखं लागतं” असे सांगून दोन मुठी विकल्या. भाजून खवले काढायचे हे तिने सांगितले नाही. मी विचारल्यावर म्हणाली, “इतकं कोन ऐकून घेतंय दादा, गाडी सुटती त्यांची.”

ढिगातील कांद्यांवर हिरवे देठ होते. म्हणजे ते याच महिन्यात, ऐन वाढीत उपटलेले होते. आजीच्या हिशेबाने हे ‘पाण्याचे’ कांदे. आणि कांदा पुरता उपटला की ते झाड संपते. हंसराजाची पाने खुडली तर तो पुन्हा फुटतो, कोंबडनखीला ती सोय नाही. विकणाऱ्या बाईला दोष देण्याचा माझा अधिकार नाही. पावसाळ्याचे चार महिने हाती रोकड येण्याचे मार्ग या पट्ट्यात किती आहेत, हे मी दोन महिन्यांत पाहिले आहे.

१४ ऑगस्ट

पानांच्या पाठीवर बीजाणुधानींचे गोल ठिपके धरले आहेत, त्यामुळे ओळख पक्की करता आली. कोंबडनखीवरील रासायनिक आणि औषधशास्त्रीय लेखांत तिचे नाव बहुतेक ठिकाणी टेक्टारिया सिकुटारिया असे दिलेले आढळते. ते नाव मुळात वेस्ट इंडीज बेटांवरील जातीचे आहे. आपल्याकडची ती टेक्टारिया कोअ‍ॅड्युनाटा. एकदा चुकीचे नाव छापले गेले की पुढचा प्रत्येक जण तेच उचलतो. आजीचे ‘कोंबडनखी’ मात्र ओहोळाच्या काठच्या याच झाडावर बोट ठेवते.

२३ ऑगस्ट

खाचरातले पाणी निवळले आहे आणि बांधाच्या कडेने चार पर्णिकांचा, चिखलात रुजलेला मार्सिलिया पसरला आहे. विद्यार्थिनीला तो नेचा आहे हे पटेना. संस्कृत ग्रंथांतील सुनिषण्णक तो हाच, असे मानतात. संध्याकाळी त्याच्या पर्णिका मिटतात आणि झोप आणणारी भाजी म्हणून त्याचा लौकिक आहे. वाडीत मात्र त्याचा काहीच उपयोग सांगितला गेला नाही.

कृतीच्या रकान्यावरून विद्यार्थ्याशी आज पुन्हा वाद झाला. त्याचे म्हणणे असे की, महत्त्वाचे काय ते वनस्पती आणि आजार, बाकी उकळणे-भाजणे हा तपशील परिशिष्टात टाकावा. मी त्याला याच मार्सिलियाच्या ऑस्ट्रेलियातील भाऊबंदाची गोष्ट सांगितली. तिथे त्याला नार्डू म्हणतात. त्याच्या कठीण बीजाणुफळांचे पीठ हे कूपर क्रीकच्या परिसरातील यांद्रुवांधा लोकांचे अन्न होते. १८६१ साली बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांची मोहीम तिथे अडकली, शिधा संपला, आणि त्या लोकांचे पाहून तेही नार्डू खाऊ लागले. पोट भरत होते, पण अंगातली शक्ती जात होती आणि पाय लुळे पडत होते. विल्सच्या रोजनिशीत हे लिहिलेले आहे. दोघेही त्या हिवाळ्यात मरण पावले. तिसरा सोबती जॉन किंग यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला आणि वाचला.

नार्डूमध्ये थायामिनेज नावाचे विकर असते, जे ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. त्यातून बेरीबेरीसारखी अवस्था होते. बर्क आणि विल्स यांच्या मृत्यूचे कारण हेच असावे, असे पुढे अभ्यासकांनी मांडले. यांद्रुवांधा बाया बीजाणुफळे भाजत, दळत आणि पिठात भरपूर पाणी मिसळून कालवत. ते खाण्याची त्यांची पद्धतही ठरलेली होती. वनस्पती तीच, भूक तीच. फरक परिशिष्टात टाकायच्या तपशिलाचा होता.

विद्यार्थी काही बोलला नाही. रात्री त्याने तक्ता नव्याने आखला. कृतीचा रकाना आता अर्ध्या पानाचा आहे.

५ सप्टेंबर

तिघांनी स्वतंत्रपणे कोंबडनखी ‘पान लागल्यावर’, म्हणजे सर्पदंशावर, उगाळून लावतात असे सांगितले. ही नोंद करायची की नाही यावर दोन दिवस खल चालला. गाळली तर ज्ञानाची नोंद अपुरी राहते. तशीच ठेवली तर कोणीतरी ती वाचून दवाखान्याऐवजी ओहोळावर जाईल. या भागात फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप आहेत, आणि चौघांच्याही विषावर चालणारी एकच बहुगुणी प्रतिविष लस आरोग्य केंद्रांत मिळते. उशीर झाला की तिचा उपयोग घटतो. अखेर नोंद ठेवली आणि त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘दंश झाल्यास हात-पाय न हलवता तत्काळ दवाखाना’ असे लिहिले. आजीने हे वाचून घेतले आणि स्वतःहून सांगितले की, गेल्या पावसाळ्यात नातवाला मण्यार चावली तेव्हा तिने काही उगाळले नाही, जीपच बोलावली होती.

१८ सप्टेंबर

जुन्या विहिरीच्या काठावर, घोडखुरीच्या शेजारी, टेरिस व्हिट्टाटा हा लांब पट्ट्यांसारख्या पानांचा नेचा वाढला आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या भिंतींवरही तो सर्रास दिसतो. हा नेचा जमिनीतील आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे २००१ साली फ्लोरिडातील अभ्यासातून पुढे आले. प्रयोगात आर्सेनिक मिसळलेल्या मातीत वाढवल्यावर ते प्रमाण पानांच्या कोरड्या वजनाच्या २ टक्क्यांवर गेले होते. या विहिरीच्या मातीत आर्सेनिक आहे असे मानण्यास काहीही कारण नाही. तरीही शहरातील भिंतीवरून किंवा कारखान्याच्या आवारातून ‘रानभाजी’ वा ‘रानऔषध’ खुडणाऱ्यांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. तक्त्यात ‘कोठून घ्यावे’ हा आठवा रकाना आला. वाडीतील लोकांना तो निरर्थक वाटतो. झाड कुठून घ्यायचे हे त्यांच्या दृष्टीने कृतीतच येते.

४ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. वरच्या पडक्या तटावर, चुन्याच्या सांध्यांत, बोटभर उंचीची ताडाची झाडे उगवावीत तसा नेचा दिसला. ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. मराठीत भुईताड, आणि मोराच्या तुऱ्यावरून मयूरशिखा. संस्कृत मयूरशिखा म्हणजे नक्की कोणती वनस्पती, यावर वैद्यांत एकमत नाही. कोणी कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या फुलाचा सेलोशिया म्हणतात, कोणी एलेफँटोपस, आणि कोणी हा नेचा. उन्हाळ्यात याची पाने आकसून तपकिरी गोळी होतात, आणि पाणी मिळताच पुन्हा पंखा उघडतो.

भुईताडाचा उपयोग विचारल्यावर आजी गप्प झाली. मी आणि विद्यार्थी ओहोळावर हात-पाय धुवायला गेलो आणि परतलो तेव्हा ती आणि विद्यार्थिनी तटाखाली बसून बोलत होत्या. मुलीने नंतर एवढेच सांगितले की, उपयोग बायकांच्या तक्रारीवरचा आहे, कृती तिला समजली आहे, आणि लिहायची नाही असे तिने कबूल केले आहे. छापील साहित्यात या नेच्याचा वापर रक्तस्राव थांबवण्यासाठी आणि गर्भधारणेसंबंधी नोंदलेला आहे. त्यांपैकी आजीने सांगितलेला कोणता, की तिसराच, हे मी विचारले नाही.

विद्यार्थी थोडा नाराज होता. पावसाळाभरच्या कामातील बहुधा सर्वांत वेगळी नोंद हातची गेली, असे त्याला वाटते. मलाही क्षणभर वाटले, हे नाकारत नाही.

३० ऑक्टोबर

दिवाळी होऊन गेली, भात कापणीला आले आहे. समाजमंदिरात नोंदवहीचे जाहीर वाचन केले. एकूण नऊ नेचे, त्यांपैकी औषधी उपयोगाचे सहा. वाचनातून दुरुस्त्या निघाल्या. घोडखुरीच्या रसाचे प्रमाण आम्ही ‘एक वाटी’ लिहिले होते. त्यावर बाया हसल्या. वाटी म्हणजे मुलाला औषध पाजायची चिमुकली बोंडली, जेवणातली वाटी नव्हे. बाशिंगाबाबत एका म्हाताऱ्यांनी हरकत घेतली की आंब्यावरचेच घ्यावे, विषारी चिकाच्या झाडावरचे घेऊ नये. ते कृतीत घातले. रुपेरी नेच्याच्या ओळीतला ‘खेळ’ हा शब्द वाचताच मागे बसलेल्या पोरांनी एकमेकांची मनगटे दाखवली, पण पाने सुकून गेल्यामुळे ठसा कोणाच्याच हातावर नव्हता.

कोंबडनखीवर सर्वांत जास्त वेळ गेला. आजीने सांगितले की, कांदा काढताना अंकुराकडचा तुकडा मातीत परत दाबायचा, हे आम्ही लिहिलेले नाही. २४ जूनला तिने ते माझ्या डोळ्यांदेखत केले होते आणि मी ‘उकरलेला कांदा परत ठेवला’ एवढेच समजलो होतो. सभेत दोन तरुणांनी सुचवले की, विकायला जाणाऱ्यांनी तरी दसऱ्याआधी काढू नये. एका बाईने लगेच विचारले की, मग श्रावणात विकायचे काय. त्यावर सभेत निर्णय झाला नाही, आणि तसे नोंदवहीत लिहिले आहे.

दुरुस्त केलेल्या दोन प्रती तयार झाल्या. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आजीच्या माळ्यावर, हिरड्याच्या पोत्याशेजारी आहे. दुसरी ग्रामपंचायतीत दिली. भुईताडाच्या ओळीत नाव आहे, जागा आहे, सांगणारीचे नाव आहे, आणि कृतीचा अर्ध्या पानाचा रकाना दोन्ही प्रतींत कोरा आहे.